सिद्धूच्या गाडीला अखेर पेटी बसली

सिद्धू,

तुझ्या तेराव्याच्या दिवसाला जेवून गेलेल्या प्रत्येकानं तुझ्याबद्दल एकच गोष्ट सांगितली. "सिद्धू कधी कुनाला न्हाय म्हनला न्हाय." पानावर बसताना सांगितली, हात धुताना सांगितली, दारात चपला शोधताना पुन्हा सांगितली. मी भात वाढत होते आणि एकेकाचं तोंड बघत होते. यातल्या एकाकडं तुझा ग्राइंडर आहे. एकाकडं मोठा पाईपपाना आहे. एकानं लेकीच्या लग्नाच्या मांडवासाठी म्हणून ड्रिल मशीन नेलं होतं, त्या लेकीचं पोर आता शाळेत जातं. ते पोरही आलं होतं जेवायला. ड्रिल मशीन आलं नव्हतं. माणूस चांगला होता असं म्हणायला काही लागत नाही. हत्यार परत करायला घरापर्यंत चालत यावं लागतं, म्हणून ते राहून जातं.

मी काही तुझी स्तुती करणार नाही. ती पोटभर झालीय. बोअरमधल्या मोटारी काढण्या-बसवण्यात तुझ्यासारखा हात या भागात नव्हता, आणि आपली वस्तू सांभाळण्यात तुझ्यासारखं गाढवही नव्हतं. लोक पहिलं सांगतात. दुसरं सांगायचं काम बहिणीवर पडतं.

ती जुनी पांढरी पिकअप घरी आणलीस तो दिवस तुला आठवत असेल. मी मोटारीचं वाइंडिंग अर्धवट टाकून शेडच्या बाहेर आले. तू नवरदेवासारखा बॉनेटला टेकून उभा होतास. मी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "हत्यारं कुटं ठेवनार?"

"हितंच की." तू मागच्या उघड्या हौद्यावर थाप मारलीस.

"हितं म्हंजे? वर नुसतं आभाळ हाय."

"पोत्यात घालायची, वर ताडपत्री टाकायची. झालं."

"आनि कुनी उचलली तर?"

"अक्का, तुला सगळी मानसं चोरच दिसत्यात."

मला माणसं चोर दिसत नव्हती. मला उघडा हौदा दिसत होता. दीड हाताचा फाळका, त्याला दोन कड्या, आणि आत आपलं पोट भरणारं सगळं सामान एका खताच्या पोत्यात. तू मात्र त्या ताडपत्रीवर असा विश्वास टाकलास, जणू ती तुझ्याशी बोलली होती.

होटगीला रेल्वे फाटकापाशी चहाला थांबलास आणि मेगर गेलं. मोटारीची वायर आतून जळली की नाही ते सांगणारं यंत्र, आपल्याकडचं सगळ्यात जपायचं. घरी येऊन कसं सांगितलंस? "मेगर ऱ्हायलं वाटतं कुटंतरी." राहिलं! वस्तू आपल्या पायानं उतरून चहा प्यायला गेली आणि परत यायची विसरली. मी विचारलं, ताडपत्री कुठं होती. म्हणालास, "ताडपत्री हाय की." ताडपत्री कुणी नेली नव्हती, याचं तुला खरोखर समाधान वाटत होतं.

त्या दिवशी मी हट्टाला पेटले, आणि तुला ओढत पेटी बघायला नेलं. तुझा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. शाळेत दाखल करायला नेलेल्या पोरासारखा.

नव्या पेठेत पहिल्या दुकानदारानं प्लास्टिकची काळी पेटी काढली. "ताई, ही फुटतच नाही." मी झाकणाचा कोपरा दोन अंगठ्यांनी दाबला, तर कुलूप लावलेलं तसंच राहिलं आणि झाकण उघडलं. त्याला राग आला. "असं दाबायचं नसतं हो."

"मग आसं करा," मी म्हटलं, "वर तसं लिहून चिकटवा. चोर वाचतील."

तू दुकानाबाहेर जाऊन हसलास. दुसऱ्या दुकानात पत्र्याच्या ट्रंका होत्या. तिथं तुझा जीव एका ट्रंकेवर बसला, कारण झाकणावर कमळ रंगवलेलं होतं. पत्रा असा की नखानं वाजवला तर ताशासारखा वाजावा. कोयंडा बाहेरच्या बाजूला, दोन रिबिटांवर. कटावणी लावायचीही गरज नव्हती, जरा जोरात ओढला असता तरी हातात आला असता. "दिसायला बरी हाय," म्हणालास. आयुष्यभर तू वस्तू अशाच निवडल्यास, आणि माणसंही.

शेवटी अक्कलकोट रोडला रफीकभाईच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलो. त्या माणसानं पहिल्यांदा कुलूप दाखवलं नाही, बिजागऱ्या दाखवल्या. "आपा, चोर कुलूप नहीं तोडता. बिजागरी काढतो, नाहीतर पूरी पेटी उचलून नेतो." मला तो आवडला. आम्ही दोघांनी खडूनं जमिनीवर आखायला घेतलं. केबिनला पाठ लावून हौद्यात आडवी बसणारी पेटी, मागच्या काचेपेक्षा खाली, म्हणजे आरशात रस्ता दिसेल. बिजागऱ्या आतून. कुलपावर लोखंडाची टोपी, म्हणजे कटर आत शिरणार नाही. बोल्ट पेटीच्या आतून खाली चेसीपर्यंत, नुसते हौद्याच्या पत्र्यात नाहीत. धूळ आणि पाणी जाऊ नये म्हणून कडेनं रबर. झाकण वरून नको, बाजूनं हवं, कारण हौद्यात पाईप भरलेले असले की वरचं झाकण उघडतच नाही. मी एवढं बोलत होते तेव्हा तू रफीकभाईच्या कामगारांबरोबर शेंगा खात होतास. मी ओरडले, "तुला काय म्हनायचं हाय का न्हाय?"

"शेंगा लई खमंग हायत," म्हणालास.

मी पेटी करायला सांगून आले. त्यानंतर मी रोज विचारायची आणि तू रोज सांगायचास, "रफीकभाईकडं लई काम हाय, येळ लागंल." मी विश्वास ठेवला. माझी तेवढीच एक चूक नाही, पण त्यातली ती मोठी.

मग सांगोल्याकडचं ते काम आलं. डाळिंबाची बाग, फळ धरलेलं, आणि मोटार बोअरमध्ये बंद पडलेली. ती उन्हाळ्याची बाग पाण्याविना किती थांबणार? तू बोअरवर लोखंडी तिपाई उभी केलीस, अर्धे पाईप वर काढलेस आणि शेतमालक म्हणाला म्हणून जेवायला वस्तीवर गेलास. येऊन बघतोस तर हत्यारांचं पोतं रिकामं, आणि तिपाईवरची चेन पुली सोडून नेलेली. पाईप क्लॅम्पवर तसेच लटकलेले. ना वर घेता येत ना खाली सोडता येत. पुलीशिवाय त्या वजनाला हात कोण लावणार?

आणि तेव्हा कोण आला? नागेश. तुझा जिवाभावाचा मित्र, तोच धंदा करणारा, स्वतःची पिकअप घेऊन, "हिकडनंच चाललोतो" म्हणत. त्याच्याकडं सगळं होतं. त्यानं मोटार काढली, त्यानं बसवली, बागेला पाणी त्यानं चालू केलं. त्या वस्तीनं नंतरची सगळी कामं त्याला दिली. आणि तू घरी येऊन मला काय सांगितलंस? "नागेश देवासारका धावून आला."

मी तडक रफीकभाईकडं गेले, पेटी कधी देणार म्हणून भांडायला. तो गोंधळला. "आपा, सिद्धू तर येऊन नको बोलून गेला. बहुत दिन हुए."

त्या संध्याकाळी आपण किती मोठ्यानं भांडलो ते शेजाऱ्यांना विचार. मी कारण विचारत राहिले, तू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिलास. शेवटी बोललास. नागेश म्हणाला होता, "पेटी लावलीस की तू शेठ झालास बघ. मग आमी काय मागायचं आनि तू काय द्यायचं." एवढ्या एका वाक्यावर तू आपली पेटी रद्द केलीस. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा त्याच्या एका टोमण्याचं वजन तुला जास्त वाटलं. मला त्या क्षणी तुझी किळस आली, सिद्धू. हे मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

पुढं काही आठवड्यांनी नागेशची गाडी आपल्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. हौद्यात चेन पुली. तिच्या हुकाची पट्टी तुटली होती म्हणून मी वाइंडिंगची तांब्याची तार गुंडाळून तिला बांधली होती. तीच तार, तोच माझा पीळ. मी घरी येऊन तुझ्यापुढं उभी राहिले. "तुझी पुली नागेशकडं हाय."

तू जेवत होतास. घास खाली ठेवला नाहीस. "मला ठाव हाय."

"ठाव हाय? आनि तू त्याच्यासंगं च्या पितोस?"

"त्येला गरज हुती, अक्का. मागाय लाज वाटली आसंल."

"चोरताना न्हाय वाटली ती?"

"चोरताना कुनी बघत नसतंय. मागताना समोर मानूस असतंय." मग माझ्याकडं बघून म्हणालास, "तू काय बोलू नगो त्येला. माझी शपथ हाय."

शपथ घालण्यात तू पहिल्यापासून पटाईत. मी बोलले नाही. पण तुझ्याशीही धड बोलले नाही. तू बाहेरून आलास की मी मशीनचा आवाज मोठा करायची. ते भांडण संपलंच नाही. तुला थोर वाटत होतं ते मला नुसतं भित्रेपण वाटायचं. चोराला चोर म्हणायला छाती लागते. तुझ्याकडं ती नव्हती, म्हणून तू भित्रेपणाला माया असं नाव दिलं होतंस. अजूनही मला तसंच वाटतं.

पण त्याच तोंडानं दुसरंही सांगायला हवं. मी सासर सोडून परत आले तेव्हा अख्ख्या गल्लीनं कारण विचारलं. तू विचारलंस, "जेवलीस का?" दुसऱ्या दिवशी शेडमधली उजेडाची बाजू माझ्यासाठी रिकामी केलीस आणि वडिलांचं वाइंडिंग मशीन तिथं सरकवलंस. आजपर्यंत एकदाही विचारलं नाहीस की तिथं काय झालं. मला गाडी शिकवलीस, तीही न ओरडता, आणि मी रिव्हर्समध्ये भिंतीला ठोकली तेव्हा भिंतीलाच शिव्या दिल्यास. जे तुझं औदार्य दुसऱ्यांना मिळालं की माझा संताप व्हायचा, त्याच औदार्यावर मी जगत होते. हे मला कळत होतं. म्हणून जास्तच संताप यायचा.

मग तो ताप. साध्या तापानं दवाखान्यात गेलास. आपण बोललो ते शेवटचं बोलणंही पेटीबद्दलच निघालं. डोळे मिटून पडला होतास. एकदम म्हणालास, "अक्का, पेटी करशील तवा झाकान डावीकडनं उघडंल आसं कर."

"का?"

"उजवीकडं रस्ता असतोय. वाकून हत्यार काढाय लागलीस तर मागनं गाडी येती."

इतक्या वर्षांत पेटीबद्दल तू बोललेली ती एकच शहाणी गोष्ट. आणि तिच्यात 'काढाय लागलीस' होतं, 'काढाय लागलो' नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं. मी म्हटलं, "बरा हो आदी, मग अक्कल शिकीव." आणि सलाईनची बाटली बघायला उठले.

तुझ्या दिवसाला नागेश सगळ्यांच्या मधोमध उभा राहून बोलला. "सिद्धू माझा सख्ख्या भावापेक्षा जास्त. त्येची हत्यारं म्हंजे आमा सगळ्यांची हत्यारं." लोकांनी माना डोलावल्या. या एका वाक्यात तरी तो खरं बोलला, हे मी सोडून कुणाला कळलं नाही. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, गाडी हुबी राहून खराब हुईल. मी चालवत जातो."

मी म्हटलं, "आदी पेटी बसू दे."

दुसऱ्याच दिवशी गाडी रफीकभाईकडं नेली. त्यानं खडूची ती आखणी वहीत वगैरे काही उतरवली नव्हती, पण मला सगळी पाठ होती. झाकण तेवढं डावीकडं करायला सांगितलं. पेटी झाल्यावर रफीकभाईनं माझ्या हातात पहार देऊन म्हटलं, उचकटून बघ. मी जीव खाऊन बघितलं. ती हलली नाही. गाडी हलली.

नागेश आला तो दुपारी. पेटीवरून हात फिरवला, कुलपाची टोपी चाचपली. "भक्कम हाय. पन आत ठेवनार काय, अक्का?"

"तुझ्या गाडीतली आमची चेन पुली ठेवनार."

शपथ तुझ्या जिवाची होती. तुझा जीव राहिला नाही, तर शपथ कसली?

त्याचा चेहरा उतरला. "ती सिद्धूनं दिली मला."

"चोरलेली वस्तू कुनी देत न्हाय."

तो शेडच्या उंबऱ्यावर बसला. "चोरली मीच. सांगोल्याला. धंदा बसला हुता माझा, डोकं फिरलं. थोड्या दिसांनी परत घिऊन आलतो. तू आत हुतीस, मशीनचा आवाज येत हुता. त्यो म्हनला, आता परत आनलीस तर अक्काला कळंल, आनि ती तुला या गल्लीत पाय ठिवू देनार न्हाय. तुझ्याकडंच ठिव. आनि म्हनला, पुन्यांदा काय लागलं तर माग, नेऊ नगो."

तो खोटं बोलत नव्हता, कारण हे असलं काही त्याला सुचलंच नसतं. हे बोलणं तुझं होतं, शब्द न् शब्द. म्हणजे ज्याच्यापासून आपली हत्यारं वाचवायची, त्याला तू वाचवत होतास, आणि कुणापासून, तर माझ्यापासून! चोराची कीव आणि बहिणीची भीती. शाब्बास रे, सिद्धू.

"पुली काढ," मी म्हटलं.

त्यानं आणून दिली. हुकावरची माझी तार तशीच होती. तो रडायला लागला, नाक पुसत, बाहीनं. मला त्याच्या रडण्याचं काही वाटलं नाही. चोरी करून त्यानं काम मिळवलं, परत करायला येऊन मैत्री मिळवली, आणि आता रडून माफी मिळवायची होती. मी म्हटलं, "रडायचं आसंल तर तुझ्या घरी जाऊन रड. हितं माझा नंबर हाय." तो गेला. पेटीत पुली ठेवून मी कुलूप लावलं, आणि मग माझा नंबर आला.

परवा पहिल्यांदा गाडी घेऊन एकटी सांगोल्याकडं गेले. वाइंडिंग केलेली मोटार पोचवायची होती, बसवायला तिथलाच फिटर होता. रस्ताभर पेटीतून खडखडाट. पेटी एवढी मोठी करून घेतली आणि आत घालायला उरलं काय, तर एक पुली, दोन-चार पाने, एक हातोडी. बाकी सगळं लोकांच्या घरी. प्रत्येक वळणावर ते इकडून तिकडं घसरायचं. मी तुला तोंडभरून शिव्या देत गाडी चालवली. काच वर केली होती, म्हणून कुणी ऐकलं नाही.

मोटार पोचवून परत निघाले तर वस्तीच्या वळणावर एक बाई हात करून मधेच उभी राहिली. शेळ्या राखणारी, वयस्कर, डोक्याला टॉवेल. मला वाटलं, हिलाही काहीतरी हवं असणार. मी काच खाली केली ती भांडायच्या तयारीनं. बाईनं आधी गाडी बघितली, मग मला.

"सिद्धूची गाडी न्हवं ही?"

"व्हय."

तिनं कमरेचं फडकं सोडलं. आत पक्कड होती, तेल लावून पुसलेली. "कुंपनाची तार बांधाय दिल्ती त्यानं. गाडी आली की द्यावं म्हनून रोज संगं घिऊन यायची. गाडीच न्हाय आली हिकडं." मग केबिनमध्ये डोकावून म्हणाली, "त्यो कुटं हाय?"

तुझ्या दिवसाला जेवून गेलेल्यांना मी तोंडावर चोर म्हणू शकले असते, सिद्धू. नागेशला म्हटलंच. पण त्या बाईच्या हातात पक्कड होती. तू गेलास हे मला अजून कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. सगळे कळूनच यायचे.

"घरी हाय," मी म्हटलं.

"मंग त्येला सांग, पक्कड दिली म्हनून. ईसरू नगो."

"सांगते."

गाडी बाजूला घेऊन खाली उतरले, पक्कड पेटीत ठेवली, कुलूप लावलं. बाई शेळ्या हाकत पुढं गेली. जाताना परत एकदा वळून म्हणाली, "सांगशील न्हवं?"

म्हणून हे लिहायला बसले. एका बाईनं एक पक्कड परत केली म्हणून तू बरोबर ठरत नाहीस, असला काही गैरसमज करून घेऊ नकोस. पण कबूल केलं होतं, तेव्हा सांगते. सिद्धू, पक्कड पोचली.